पासिंगपुरते आरसे

पंधरा वर्षं पूर्ण झालेली मोटरसायकल आरटीओत न्यायच्या आदल्या संध्याकाळी शेजाऱ्याच्या गाडीचे आरसे उतरवायचे, आपल्या हँडलला बसवायचे आणि पासिंग झालं की परत करायचे. टायर गुळगुळीत झाला असेल तर भावाच्या गाडीचं चाकच तेवढ्यापुरतं चढवायचं. हॉर्न बंद असेल तर तोही कुणाचा तरी मागून आणायचा. कागदावर पाच वर्षांची मुदत पडते, गाडी घरी येते आणि रात्रीपर्यंत पुन्हा होती तशी होते. पुण्यात ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की ती सांगताना कुणी आवाजही खाली करत नाही. मी स्पष्ट लिहितो: ही लबाडी आहे आणि तिची किंमत मागच्या सीटवर बसणारा माणूस मोजतो.

नारायण पेठेत हे जास्त टोचतं, कारण ही पेठ दुचाकीवर जगते. मुंजाबाच्या बोळात मोटार शिरली की मागच्या सगळ्यांचा खोळंबा होतो. दुचाकी मात्र पत्र्या मारुतीपासून मोदी गणपतीपर्यंत कुठूनही वाट काढते. डेक्कनला जायला झेड ब्रिज आहे, तो दुचाक्यांसाठीच आहे. धरणातून पाणी सोडलेलं नसेल तर बाबा भिडे पूल आहे. अभ्यासिकेत बसणारी मुलं, क्लास घेणाऱ्या बाई, छापखान्यात जाणारा माणूस, लक्ष्मी रस्त्यावर साडी घ्यायला लेकाच्या मागे बसून आलेली आई, या सगळ्यांचा भार याच गाड्यांवर असतो. आणि त्या गाड्या राहतात उघड्यावर. जुन्या वाड्यांमध्ये गाड्यांना जागा नव्हती. नव्या इमारतींमध्ये जी झाली ती मोटारींनी घेतली. चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने ऊन-धूळ सोसत त्या साइड स्टँडवर कलून उभ्या असतात. काही जण नदीपात्रातल्या रस्त्याकडेला गाडी लावतात. खडकवासल्याचा विसर्ग वाढला की ती चाकापर्यंत, कधी टाकीपर्यंत पाण्यात जाते. पाणी उतरल्यावर दहा किका मारून इंजिन सुरू झालं की मालकाच्या लेखी प्रश्न मिटतो. ब्रेक ड्रममध्ये बसलेला गाळ, चाकाच्या बेअरिंगमधून धुऊन गेलेलं ग्रीस, केबलच्या आवरणात मुरलेलं पाणी त्याला दिसत नाही. ते नंतर, ऐन वळणावर, हाता-पायाला कळतं.

कायदा या बाबतीत साधा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून नमुना क्रमांक २५ भरून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहतो आणि ती रस्त्यावर चालवण्याजोगी असेल तर आणखी ५ वर्षं मिळतात. त्यानंतर पुन्हा ५, पुन्हा ५. बजाजची पल्सर २००१ च्या नोव्हेंबरात बाजारात आली. तेव्हा पहिल्या लाटेत घेतलेली आणि नीट राखलेली पल्सर २०१६ मध्ये पहिल्यांदा, २०२१ मध्ये दुसऱ्यांदा पास झाली असेल आणि २०२६ अखेर तिसऱ्यांदा निरीक्षकापुढे उभी राहू शकते. पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी मेली, असा समज पेठेत अनेकांचा आहे. तो दिल्लीच्या बातम्यांतून आला. १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरचे ते निर्बंध राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरते होते. पुण्याच्या एमएच १२ गाडीला ते लागू नाहीत. या गैरसमजापायी कुणी चांगली गाडी भंगाराच्या भावात देऊन टाकतो. कुणी उलट करतो: आता काही होणारच नाही म्हणून मुदत संपलेल्या कागदांवर तीच गाडी बोळाबोळातून चालवत राहतो. हा दुसरा माणूस जास्त धोक्यात आहे. २०१४ मध्ये ‘नरिंदर सिंग विरुद्ध न्यू इंडिया अश्युरन्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, वैध नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर वापरणं हा विमा कराराचा मूलभूत भंग आहे. तिथे वाहनमालकाला स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीची भरपाई मिळाली नाही. हप्ता भरलेला होता, पॉलिसी चालू होती, तरीही.

आता पैशांचं. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटरसायकलचं नूतनीकरण शुल्क ३०० वरून १,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटरसायकलींसाठी ते २,००० केलं गेलं. उशीर झाला तर दर महिन्याला ३०० रुपये वेगळे. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर आहेच. सरकारला जुन्या गाड्या कमी करायच्या आहेत, हे समजण्यासारखं आहे. पण शुल्क वाढलं तशी तपासणी खोल झाली का? हा प्रश्न शुल्क भरणाऱ्या प्रत्येकानं विचारायला हवा. ज्याच्याकडून दोन हजार घेता, त्याच्या गाडीचे ब्रेक कुणीतरी प्रत्यक्ष दाबून बघितले पाहिजेत. माझा आग्रह एवढाच आहे.

पण निरीक्षक काय बघेल आणि काय बघणार नाही, यावर आपल्या गाडीची तयारी ठरवायची नसते. ती ठरवायची ब्रेकपासून. गॅरेजात नेहमी ऐकू येणारा एक संवाद आहे.

‘काका, मागचे लायनर संपलेत. बाण पार रेघेच्या बाहेर गेलाय.’

‘पासिंगपुरतं ताणून दे रे.’

‘ताणून देतो. पण मागे काकू बसणार असतील तर नका नेऊ.’

या मेस्त्रीचं म्हणणं शब्दशः खरं आहे. मागच्या ड्रमवर एक बाण असतो आणि त्याच्याशेजारी झिजेची मर्यादा कोरलेली असते. पूर्ण ब्रेक दाबल्यावर बाण त्या मर्यादेपलीकडे गेला म्हणजे लायनर संपले. तरीही मागचा नट आवळत राहिलं तर पायाला ब्रेक लागल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात ड्रमवरचा दांडा इतका पुढे कललेला असतो की पायाचा जोर आत पोचतच नाही. रिकाम्या पटांगणावर, हळू चालवताना, निरीक्षकासमोर ही गाडी थांबते. दोन माणसं बसवून झेड ब्रिजच्या उतारावर ती थांबेलच, याची खात्री कोण देणार? ब्रेक शू बदलायला येणारा खर्च एका चांगल्या जेवणाहून कमी असतो. ड्रम उघडलाच आहे तर आतली धूळ साफ करून घ्यावी, कॅमला किंचित ग्रीस लावून घ्यावं, आणि ड्रमच्या आतल्या कडेला झिजून कंगोरा उठला आहे का ते बघावं. पुढे डिस्क असेल तर पॅडची जाडी बघावीच, पण तेलही बघावं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. पंधरा वर्षांत ते एकदाही न बदललेल्या गाड्या मी बघितल्या आहेत. झाकण उघडलं की आत चहाच्या रंगाचं पाणी असतं. आणि ते तेल वाहून नेणारी रबरी नळी: ती वाकवून बघा, तडे दिसले तर तिचा मुलाहिजा धरू नका.

यानंतर कोनसेट. हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं त्याला सगळे मेस्त्री कोनसेट म्हणतात आणि पुण्यातल्या खड्ड्यांत सगळ्यात आधी तोच बसतो. गाडी मेन स्टँडवर घ्या, कुणालातरी मागे बसवून पुढचं चाक उचला, दोन्ही हातांनी फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवा. खटखट लागली तर सैल आहे. मग हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवा. मधोमध येताच ते खाचेत अडकल्यासारखं थांबत असेल तर बेअरिंगच्या वाट्यांना खड्डे पडले आहेत. अशी गाडी सरळ रस्त्यावरही सरळ जात नाही. चालवणारा नकळत सारखा दुरुस्ती करत असतो आणि त्याला वाटतं आपले हात दमले. हीच परीक्षा चाकांची: चाक धरून आडवं हलवायचं, खेळ लागला तर बेअरिंग गेलं. मागच्या चिमट्याचीही तशीच, तिथे बुश जातात. या तपासण्यांना हत्यार लागत नाही, पैसे लागत नाहीत, दहा मिनिटं लागतात. तरीही पासिंगच्या आधी लोक वेळ घालवतात तो टाकीला पॉलिश मारण्यात.

टायरचं सांगतो. नक्षीच्या खाचेत तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात. टायर त्यांच्या पातळीपर्यंत झिजला की त्याचं काम संपलं. हे बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते वयाचं. टायरच्या बाजूवर चार आकडे एका चौकटीत असतात: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. पेठेत अशा कितीतरी गाड्या आहेत, ज्या रोज मंडईपर्यंत आणि परत एवढ्याच फिरतात. त्यांच्या टायरची नक्षी शाबूत असते आणि रबर मात्र उन्हानं कडक होऊन बाजूंना बारीक चिरा पडलेल्या असतात. नक्षी बघून निरीक्षक तो टायर पास करील. पहिल्या पावसात लक्ष्मी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर तो घसरेल. आणि एक विनंती: जुन्या बाजारातून आरसा आणा, पायदान आणा, हवं तर साडीगार्ड आणा. ब्रेकचे लायनर आणि वापरलेले टायर तिथून आणू नका. नाना पेठेत नवे सुटे भाग मिळतात, पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या मॉडेलचेही मिळतात. तिथल्या दुकानदाराला चेसिस नंबरवरून वर्ष सांगितलं तर तो नेमका भाग काढून देतो.

साडीगार्डचा उल्लेख आला म्हणून. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ सांगतो की मोटरसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारं संरक्षण हवं, कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. तरुण मुलं गाडी घेतल्या घेतल्या ते काढून टाकतात, दिसायला बरं दिसत नाही म्हणून. मग पासिंगच्या दिवशी ते माळ्यावर शोधायचं. ज्या शहरात ओढणी आणि पदर घेऊन रोज हजारो बायका मागे बसतात, तिथे हे लोखंड काढून टाकणं मला माफ करण्याजोगं वाटत नाही. सायलेन्सरचंही तसंच. फट्फट् आवाजाचा बसवला असेल तर तो उतरवून मूळचा लावावाच लागेल. मग तो मूळचाच राहू द्या. बोळातल्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर, रस्त्यापासून सहा फुटांवर, कुणीतरी आजारी झोपलेलं असतं.

दिव्यांकडे दुर्लक्ष होतं कारण दिवे बंद पडले तरी गाडी चालते. अप्पर-डिप्पर, चारही इंडिकेटर, मागचा लाल दिवा, मागचा रिफ्लेक्टर. यात सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे ब्रेक दाबल्यावर लागणारा दिवा, आणि तो पायाच्या आणि हाताच्या, दोन्ही ब्रेकनं लागला पाहिजे. हाताच्या ब्रेकचा स्विच पावसानं गंजतो आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण आपला मागचा दिवा आपल्याला दिसतच नाही. भिंतीकडे पाठ करून गाडी लावा, संध्याकाळच्या अंधारात एकेक ब्रेक दाबा आणि भिंतीवर उजेड पडतो का ते बघा.

पीयूसीला घाबरायचं कारण नाही, पण तयारीशिवायही जायचं नाही. २००० च्या मार्चनंतर बनलेल्या फोर स्ट्रोक, बीएस ३ पर्यंतच्या मोटरसायकलला कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४,५०० पीपीएम अशी मर्यादा आहे. नीट ट्यून केलेलं इंजिन याच्या बरंच आत राहतं. बाहेर गेलं तर बहुतेक वेळा कारण साधं निघतं: वर्षानुवर्षं न बदललेला एअर फिल्टर, अडकलेला चोक, काळा पडलेला प्लग, किंवा मायलेज नाही म्हणून कुणीतरी पिळून ठेवलेला कार्बोरेटरचा स्क्रू. टू स्ट्रोकची गोष्ट वेगळी. त्या पिढीवर माझं प्रेम आहे. तरी ज्यांच्याकडे ती गाडी आहे त्यांनी तिला पेठेच्या बोळात रोज फिरवू नये असंच मी म्हणेन. त्या निळसर धुरात न जळलेलं तेल असतं आणि बोळाला वारा नसतो.

सगळ्यात शेवटी धुणं. तेही एका कारणासाठी. हँडलच्या मानेपाशी चेसिस नंबर ठोकलेला असतो आणि इंजिनवर इंजिन नंबर. निरीक्षकाला हे दोन्ही वाचता आले पाहिजेत. कागदावर पेन्सिल घासून चेसिस नंबरचा छापा घेतात, तोही स्पष्ट उमटला पाहिजे. पंधरा वर्षांचं तेल आणि चिखल रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्यानं हळूहळू काढावा. सँडपेपर लावू नये, तारेचा ब्रश तर मुळीच नाही. घासून नंबर अस्पष्ट झाला तर खरी गाडीही संशयास्पद ठरते, आणि मग चकरा सुरू होतात.

चकरांचं मूळ मात्र बहुतेक वेळा गाडीत नसून कागदांत असतं आणि इथे मला पेठेतल्या घरांविषयी थोडं हळुवारपणे लिहायचं आहे. पंधरा-वीस वर्षांची गाडी पुष्कळदा वडिलांच्या नावावर असते आणि वडील राहिलेले नसतात. गाडी चालवायला मुलगा, कागदावर बाबा. घरातलं कुणी ते नाव बदलायला धजत नाही. त्यामागे आळस असतो असं मला वाटत नाही. पण मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते. ते राहिलं असेल तर नूतनीकरण तिथेच अडतं, आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही गुंततो. बाकीच्या वारसांची संमती, मृत्यूचा दाखला, आरसी, विमा हे सगळं आधी गोळा करा. दुसरी गाठ बँकेची. कर्ज केव्हाच फिटलेलं असतं, पण आरसीवर बोजा तसाच असतो. त्यासाठी बँकेची सही असलेला नमुना ३५ लागतो. ज्या सहकारी बँकेनं कर्ज दिलं तिचं दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालेलं असेल तर हे काम लवकर सुरू केलेलं बरं. तिसरी गोष्ट मोबाइल क्रमांकाची. पोर्टलवरचा ओटीपी पंधरा वर्षांपूर्वीच्या बंद पडलेल्या नंबरवर जात असतो. चौथी, नवी नंबरप्लेट: १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या दुचाकीला उच्च सुरक्षा क्रमांकपाटी लावणं बंधनकारक आहे, महाराष्ट्रात तिचा दर ४५० रुपये आणि वर जीएसटी असा ठरला. ‘दादा’, ‘आई’, ‘राजे’ अशी वळणं काढलेले आकडे निघाले हे मला आवडलं. धडक देऊन पळणाऱ्याच्या गाडीचा नंबर रस्त्यावरच्या माणसाला वाचता आलाच पाहिजे.

हे सगळं ऐकून लोक एजंट गाठतात. कागद भरायला कुणाची मदत घेणं यात गैर काही नाही. वयस्कर माणसानं तर घ्यावीच. पण जो म्हणतो गाडी आणायचीसुद्धा गरज नाही, त्याच्यापुढून उठून या. तपासणी कागदावर उरकू नये, यासाठी या राज्यात लोक न्यायालयापर्यंत गेले आहेत. श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि त्यातून वाहनांच्या ब्रेक चाचणीसाठी २५० मीटरचे ट्रॅक हवेत हा विषय पुढे आला. तो लढा प्रामुख्यानं बस, ट्रक, टेम्पो अशा वाहनांसाठी होता. पण त्याचा गाभा सगळ्यांना लागू आहे: ब्रेक प्रत्यक्ष मारून बघितल्याशिवाय गाडीला योग्यतेचा दाखला द्यायचा नाही.

आणि इथे मला सरकारलाही एक टोचणी द्यायची आहे. केळकर रस्त्यावर सिग्नलला तुमच्यापुढे उभी असलेली रिक्षा पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी तपासली जाते. तुमची मोटरसायकल? धुराची चाचणी सोडली तर पंधरा वर्षांत एकदाही नाही. ब्रिटनमध्ये मोटरसायकल तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते. जर्मनीत दर दोन वर्षांनी. जपानमध्ये २५० सीसीवरच्या गाड्यांची पहिली तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी. फ्रान्समध्ये दुचाकीस्वारांनी अनेक वर्षं जोरदार विरोध केला, तरी १५ एप्रिल २०२४ पासून तिथेही ती सुरू झाली. आपण मात्र पहिली पंधरा वर्षं डोळे मिटून बसतो आणि सोळाव्या वर्षी आरसे मागतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. वेग हे त्यातलं सगळ्यात मोठं कारण आहे, हे मान्य. पण वेगात असलेल्या माणसाला शेवटच्या क्षणी वाचवू शकतात ते ब्रेक आणि टायरच.

हे पुण्याला विशेष लागू आहे. वेताळ टेकडीच्या अंगाला एआरएआय आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था देशातल्या गाड्यांची परीक्षा घेते. नवं मॉडेल बाजारात येण्याआधी त्याचे ब्रेक, दिवे, धूर सगळं तिथे मोजतात. आकुर्डीत बजाजनं चेतक बनवली, कायनेटिकनं लूना आणली. दुचाकी कशी बनते आणि कशी तपासावी, याचं एवढं ज्ञान देशात फार थोड्या शहरांत असेल. ते ज्ञान कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलं की पंधरा वर्षं कुणाच्याच कामी येत नाही. दर तीन वर्षांनी ब्रेक, टायर, कोनसेट आणि दिवे एवढीच वीस मिनिटांची तपासणी, माफक शुल्कात, अधिकृत गॅरेजांमधून का सुरू होऊ नये? शुल्क दुप्पट करण्यापेक्षा याने जास्त माणसं वाचतील असं मला मनापासून वाटतं.

सरकार करील तेव्हा करील. पेठेला थांबायची गरज नाही. खंडेनवमीला आपण गाड्या धुतो, दसऱ्याला हँडलला झेंडूची माळ बांधतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. इथल्या मंडळांकडे मांडव आहेत, कार्यकर्ते आहेत, रक्तदान शिबिर भरवायची सवय आहे. तशीच नवरात्रात एक सकाळ गाड्यांसाठी काढावी. मंडळाच्या दारात चार गाड्या मेन स्टँडवर लावता येतील एवढी जागा, दोन बॅटऱ्या, हवेचा एक गेज आणि पेठेतल्याच गॅरेजांचे दोन-तीन मेस्त्री. प्रत्येक गाडीला दहा मिनिटं, आणि मालकाच्या हातात एक चिठ्ठी: लायनर बदला, कोनसेट सैल आहे, मागचा टायर २०१३ चा आहे. ज्यांच्या गाड्यांना आरसे नाहीत त्यांना तिथेच विकत मिळावेत, मंडळानं नाना पेठेतून ठोक भावात आणून. मेस्त्रींना मात्र शालश्रीफळावर बोळवू नये. त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी आधी ठरवून, रोख द्यावी.